फळ्यावर ‘का’ चा रकाना कुठंय?

मोठ्या खुर्च्यांवर बसणाऱ्या, त्या सोडून जाणाऱ्या आणि त्या खुर्च्यांवर माणसं नेमणाऱ्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना, एका निवृत्त वरिष्ठ सहाय्यकाचं खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी एका जिल्हा परिषदेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त आस्थापना शाखेत, म्हणजे कोण आलं कोण गेलं, कुणाची रजा, कुणाचं सेवापुस्तक, कुणाची चौकशी हे सगळं ज्या टेबलावरून जातं त्या टेबलावर. आता निवृत्त होऊन काही वर्षं झालीत, नातवाला शाळेत सोडून आलं की पेपर वाचत बसते, आणि पेपरात अमक्या आयुक्तांची बदली, तमक्या अध्यक्षांचा राजीनामा अशी बातमी दिसली की पुढचं पान उलटवत नाही. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकते. लांबेल, पण वाचा.

आमच्या सीईओ साहेबांच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या, दालनात शिरलं की डाव्या हाताला एक फळा आहे. तुमच्याही दालनात असेल, कलेक्टर ऑफिसात असतो, महापालिकेत असतो, एसपी ऑफिसला असतो, अगदी तहसीलदारांकडेपण असतो. सागवानी चौकट, काळा रंग, त्यावर पांढऱ्या अक्षरांत नावं. चार रकाने. अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या त्यामुळे आमच्या फळ्याची पहिली ओळ १९६२ ची. वरच्या ओळी वाचल्या तर एकेक माणूस तीन तीन, चार चार वर्षं दिसतो, आणि खाली येत गेलं की वर्षांचे महिने होतात. नवीन साहेब रुजू झाले की बाजारातल्या पेंटरला बोलवायचं काम माझ्याकडं असायचं. मी चिठ्ठीवर नाव आणि तारीख लिहून द्यायचे, तो स्टुलावर चढून आधी जुन्या साहेबांचं ‘पर्यंत’ भरायचा आणि मग नवीन ओळ काढायचा. एकदा खाली उतरून ब्रश पुसता पुसता तो मला म्हणाला, बाई, आता जागा उरली नाही, पुढच्या वेळी नवीन फळाच करावा लागेल. त्या दोन वर्षांत तो तिसऱ्यांदा आला होता.

त्या फळ्यावर पाचवा रकाना नाही. ‘का’ चा. माणूस का गेला आणि जो राहिला तो का राहिला. माझं सगळं पत्र त्या एका रकान्याबद्दल आहे.

एक गोष्ट सांगते. नाव, गाव, जिल्हा काही लिहित नाही. एका टंचाईच्या वर्षी आमच्याकडं एक तरुण साहेब आले. जिल्ह्यात टँकर चालू होते, आणि टँकरचं काम ज्याला माहितीये त्याला माहितीये की मंजूर खेपा वेगळ्या, लॉगबुकवरच्या खेपा वेगळ्या आणि गावात खरोखर पोचलेल्या खेपा वेगळ्या. साहेबांनी काय केलं, टँकरच्या जीपीएसची शीट मागवली आणि लॉगबुकं मागवली आणि संध्याकाळी सहानंतर स्वतः बसून दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलनं टिक करत बसायचे. मी दोनदा त्यांच्यासमोर उभी होते सही घ्यायला, तेव्हा पाहिलंय. जिथं जुळत नव्हतं तिथली बिलं थांबवली. एका गावातल्या बायका निवेदन घेऊन आल्या होत्या, त्यांना खुर्च्या देऊन बसवलं आणि विचारलं की टँकर नक्की किती वाजता येतो, रोज येतो का एक दिवसाआड येतो, आणि त्या बोलत होत्या ते स्वतः लिहून घेतलं. मी इतक्या वर्षांत सीईओंनी गावातल्या बाईचं बोलणं स्वतःच्या हातानं लिहून घेतलेलं तेवढंच पाहिलं.

अकराव्या महिन्यात त्यांची ऑर्डर आली. ऑर्डर पण कशी, आधी कुणाच्यातरी व्हॉट्सअ‍ॅपवर, मग पत्रकारांच्या ग्रुपवर, आणि संध्याकाळी ऑफिसच्या ईमेलवर. ती भाषा मला तोंडपाठ आहे. शासनाने आपली बदली केली असून आपली नियुक्ती अमुक पदावर केली आहे, तरी आपण आपल्या सध्याच्या पदाचा कार्यभार अमुक यांच्याकडे सोपवून नवीन पदाचा कार्यभार त्वरित स्वीकारावा. झालं. सीटीसी, म्हणजे कार्यभार सोपवल्याचा कागद, मीच तयार केली. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, साहेब गाडीत बसताना मी न राहवून विचारलं, साहेब, कशामुळं हो? ते म्हणाले, मॅडम, मलाही ऑर्डरच मिळालीये.

आता ते टँकरच्या बिलांमुळं गेले असं सगळं ऑफिस म्हणत होतं. कँटीनमध्ये, जिन्यात, सगळीकडं तेच. खरं होतं का? मला माहीत नाही. ती बिलं थांबवण्यामागं त्यांचीच काही चूक झाली असेल, तक्रारी खऱ्या असतील, दुसरीकडं खरंच त्यांची गरज असेल, काहीही असेल. पण कुणीच काही सांगितलं नाही म्हटल्यावर लोकांनी जे धरायचं ते धरलं, आणि ऑफिसमधल्या प्रत्येक कनिष्ठ माणसानं त्यातून एकच अर्थ घेतला की लॉगबुकाला हात लावायचा नाही. नवीन साहेब आले, टँकरची फाईल वर गेली आणि ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली आली. ज्यांनी सरकारी ऑफिसात दिवस काढलेत त्यांना हा शेरा काय असतो ते सांगायला नको. चर्चा झाली नाही. थांबलेली बिलं तीन महिन्यांत निघाली.

उलटंपण सांगते. दुसरे एक साहेब मध्येच गेले, अचानक, तेव्हा जिल्ह्यात बोभाटा झाला की पैसे खाल्ले म्हणून हलवलं. खरं कारण असं होतं की त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते आणि त्यांनी स्वतः विनंती केलेली होती, त्यांचा अर्ज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. पण तो अर्ज फाईलमध्ये आणि बोभाटा चौकात. ऑर्डरमध्ये ‘विनंतीवरून’ एवढा एक शब्द असता तरी त्या माणसाची बदनामी टळली असती. म्हणून म्हणते की ‘का’ चा रकाना फक्त सरकारला अडचणीत आणायला नकोय, तो जाणाऱ्याच्या अब्रूसाठीपण हवाय.

तुम्ही म्हणाल बाई, हे भावनेचं झालं, कायद्यात कुठं आहे. तर कायद्यातच आहे. आपल्या राज्याचा बदल्यांचा कायदा २००५ चा, अण्णा हजारेंनी त्यासाठी किती वेळा उपोषणाचं शस्त्र काढलं ते तेव्हाच्या लोकांना आठवत असेल, १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. त्यात स्वच्छ लिहिलंय की आयएएस, आयपीएस असो की गट क चा कर्मचारी असो, एका पदावर सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. आणि मध्येच करायची असेल तर अपवादात्मक परिस्थिती पाहिजे किंवा विशेष कारण पाहिजे, आणि ते कारण लेखी नमूद केलं पाहिजे. लेखी. म्हणजे ‘का’ चा रकाना विधिमंडळानं आधीच आखून ठेवलाय, फक्त तो फाईलच्या आत आहे आणि लोकांसमोर येत नाही. कित्येक कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात, तिथं फाईल मागवली जाते, आणि मग कळतं की कारणाच्या जागी ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच दोन शब्द आहेत. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे कारण आहे का हो? ते तर प्रत्येक बदलीला लागू आहे.

वर, ३१ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि त्यांच्यासोबतचे निवृत्त अधिकारी कोर्टात गेले होते त्या केसमध्ये, की वरिष्ठ अधिकाऱ्यांना ठराविक कालावधी द्या, बदल्यांची शिफारस करायला नागरी सेवा मंडळ नेमा, आणि अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये. तोंडी आदेश म्हणजे आमच्या भाषेत ‘वरून फोन आलाय’. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं आयएएसचे नियम बदलले आणि केडर पदावर, म्हणजे आयएएससाठी ठेवलेल्या पदावर, किमान दोन वर्षं असं घातलं. पोलिसांसाठी तर २००६ मध्येच प्रकाश सिंग केसमध्ये कोर्टानं सांगितलेलं, पोलीस महासंचालकाला दोन वर्षं. म्हणजे कायदा आहे, नियम आहे, सुप्रीम कोर्ट आहे. आणि माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम ४ मध्ये असंपण आहे की प्रशासकीय निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत. आता मला सांगा, जिल्ह्याचा कलेक्टर किंवा शहराचा आयुक्त मध्येच गेला तर बाधित कोण? एकटे ते साहेब? का पाण्याची वाट बघणारं गाव?

तुकाराम मुंढे साहेबांचं उदाहरण सगळेच देतात, मीपण देते, कारण तारखा सगळ्यांसमोर आहेत. नवी मुंबई महापालिकेत आयुक्त, मे २०१६ ते मार्च २०१७. मग पुण्यात पीएमपीएमएल, म्हणजे शहराची बससेवा, ते फेब्रुवारी २०१८ पर्यंत. नाशिक महापालिका फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०१८. नागपूर महापालिका जानेवारी ते ऑगस्ट २०२०. एकाही ठिकाणी सव्वा वर्षसुद्धा नाही. त्यांच्या बाजूनं लोक रस्त्यावर उतरले हे खरं, आणि नगरसेवकांचं म्हणणं होतं की ते कुणाला विश्वासात घेत नाहीत, नवी मुंबईत सभागृहानं अविश्वास ठराव पास केला, हेपण खरं. मी त्यांची भक्त नाही आणि विरोधकपण नाही. निवडून आलेल्या माणसाला डावलून कारभार चालवणं मला स्वतःला पटत नाही, मी जिल्हा परिषदेत वाढलेली बाई आहे, सभागृहाचा मान मला माहितीये. पण प्रत्येक वेळी सरकारनं चार ओळींत लिहून दिलं असतं की या या कारणासाठी बदली केली, तर नाशिककर किंवा नागपूरकर स्वतः ठरवू शकले असते की सरकार बरोबर का साहेब बरोबर. आता काय होतं, अर्धे लोक त्यांना देव करतात, अर्धे हुकूमशहा म्हणतात, आणि नाशिकच्या करवाढीचा किंवा पीएमपीच्या बसचा मूळ मुद्दा राहतो बाजूला. श्रीकर परदेशी साहेबांचंपण तसंच, पिंपरी-चिंचवडला आयुक्त म्हणून २०१२ मध्ये आले, अनधिकृत बांधकामांवर कारवाई सुरू केली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये गेले. दोन वर्षंपण पूर्ण नाहीत. आजही त्या शहरात कुणालाही विचारा का गेले, तो तुम्हाला स्वतःचं उत्तर सांगेल. सरकारचं उत्तर कुणाला सांगता येणार नाही.

हे झालं बदलीचं. बदलीत बिचाऱ्याच्या हातात काही नसतं, आणि अखिल भारतीय सेवेच्या वर्तणूक नियमांमुळं सेवेत असताना सरकारवर जाहीर टीकापण करता येत नाही, त्यामुळं तिथं माझं मागणं सरकारकडं आहे. पण राजीनाम्याचं वेगळं आहे. राजीनामा देणारा माणूस स्वतःच्या पेनानं लिहितो. तिथं माझं मागणं थेट तुमच्याकडं आहे, साहेब.

आपल्या रोह्याकडचे चिंतामणराव देशमुख. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९, मग १९५० पासून देशाचे अर्थमंत्री, १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आलेले. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं ठरलं, इथं गोळीबारात माणसं गेली, आणि चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा दिला. तो लगेच मंजूर झाला नाही, जुलैपर्यंत ताणला गेला. आणि जुलैत ते लोकसभेत उभे राहिले आणि कारण सांगितलं. सगळं सांगितलं. मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता निर्णय झाला हे सांगितलं, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाही हे विचारलं. माझे वडील तेव्हा कॉलेजात होते, ते भाषण पेपरात कसं वाचलं ते म्हातारपणीसुद्धा सांगायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्या राजीनाम्यानं बळ दिलं ते नुसती खुर्ची रिकामी झाली म्हणून दिलं का? दिल्लीत बसलेला, हिशोबी, कधी आवाज न चढवणारा माणूस जे बोलला त्यानं दिलं.

आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, योगायोग. चिंतामणरावांनंतर रिझर्व्ह बँकेत बेनेगल रामा राव आले होते, आणि चिंतामणरावांनंतर अर्थखात्यात टी. टी. कृष्णमाचारी आले. एकाच माणसाच्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या या दोघांचं पटलं नाही. वाद होता की व्याजदराचा निर्णय बँकेचा का सरकारचा, आणि रिझर्व्ह बँक ही स्वतंत्र संस्था का अर्थखात्याची एक शाखा. नेहरूंनी मंत्र्यांची बाजू घेतली आणि जानेवारी १९५७ मध्ये रामा राव गेले, साडेसात वर्षं गव्हर्नर राहिलेला माणूस. पण का गेले ते तेव्हाही समजलं आणि आजही समजतं, कारण पत्रं आहेत, बँकेच्या बोर्डाचा ठराव आहे. आपण आज त्यावर वाद घालू शकतो की नेहरूंचं बरोबर होतं का रामा रावांचं.

आता त्याच बँकेत जवळपास ६२ वर्षांनी या. १० डिसेंबर २०१८. गव्हर्नर उर्जित पटेलांनी छोटंसं निवेदन काढलं, वैयक्तिक कारणांमुळं तात्काळ पद सोडतोय. त्याआधी दोन महिने सरकार आणि बँक यांच्यात काय चाललंय हे रोज पेपरात येत होतं, रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ७, म्हणजे सरकारनं बँकेला निर्देश द्यायचं कलम, काय असतं हे आमच्यासारख्या बायकांनापण समजायला लागलं होतं, ऑक्टोबरात डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य मुंबईतल्या भाषणात बँकेच्या स्वायत्ततेबद्दल उघडपणे बोलले होते. आणि एवढं सगळं झाल्यावर कारण काय, तर वैयक्तिक. पुढच्या वर्षी जुलैत आचार्यही मुदतीच्या सहा महिने आधी गेले, बँकेनं सांगितलं अपरिहार्य वैयक्तिक परिस्थिती. ऑगस्ट २०१९ मध्ये, बँकेनं किती राखीव पैसा ठेवावा हे बघणाऱ्या बिमल जालान समितीच्या शिफारशीनंतर, बँकेनं १,७६,०५१ कोटी रुपये सरकारला द्यायचं ठरवलं. याचा त्या राजीनाम्यांशी संबंध होता असं मी म्हणत नाही. होता का, किती होता, हे सांगू शकणारी माणसं दोन ओळी लिहून निघून गेली एवढंच म्हणते. तो पैसा तुमच्या माझ्या देशाचा आहे, माझी पेन्शन जिथं जमा होते त्या बँकेवर लक्ष ठेवणारी ती बँक आहे, मग तिच्या सर्वात वरच्या माणसाला मध्येच का जावंसं वाटलं हे मला कळायला नको? रघुराम राजन गेले २०१६ मध्ये, त्यांनी निदान जूनमध्ये कर्मचाऱ्यांना सविस्तर पत्र लिहिलं, काय काम अर्धवट आहे ते लिहिलं, ते पूर्ण करायला थांबायची तयारी होती हे लिहिलं, सरकारशी बोलणं झालं हे लिहिलं, मग शिकवायला परत जातोय म्हणाले. सभ्य भाषेत, कुणाला न दुखावता. पण वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजलं.

आणि सांगितलं की काय होतं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जानेवारी २०१९ चं आहे, आणि ते फार कुणाच्या लक्षात नाहीये. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. मोहनन सरळ बोलले की आयोगाला बाजूला टाकलंय, आणि रोजगाराच्या सर्वेक्षणाचा अहवाल आयोगानं मंजूर केलाय तरी तो बाहेर येत नाहीये. तोपर्यंत असा काही अहवाल अडकलाय हे सामान्य माणसाला माहीतच नव्हतं. काही दिवसांतच आकडा पेपरात आला, बेरोजगारी ६.१ टक्के, आणि ३१ मे ला सरकारनं तो अहवाल अधिकृतपणे काढला. त्या दोघांनी वैयक्तिक कारण असं लिहिलं असतं तर? कुठल्यातरी आयोगातली दोन माणसं गेली, एवढीच बातमी आली असती, तीपण आतल्या पानावर.

९ मार्च २०२४ चं तर अजूनच. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर, एक निवडणूक आयुक्त महिन्याभरापूर्वीच निवृत्त झालेले, आणि दुसरे आयुक्त अरुण गोयल यांचा राजीनामा. त्यांची मुदत २०२७ पर्यंत होती. तीन जणांच्या आयोगात एकटे मुख्य आयुक्त उरले, आणि आठवड्याभरात तारखा जाहीर झाल्या. ९० कोटींच्या वर मतदार आहेत या देशात. आम्ही निवडणूक ड्युटी करणारी माणसं, पेटी घेऊन, नंतर मशीन घेऊन एसटीनं दुर्गम केंद्रांवर जाणारी, तिथं शाळेच्या फरशीवर झोपणारी. आम्हाला ड्युटी रद्द करून घ्यायची तर मेडिकल सर्टिफिकेट लागतं, सिव्हिल सर्जनचं. आणि सर्वात वरच्या तिघांतला एक जण ऐनवेळी जातो तेव्हा देशाला एक वाक्यपण मिळत नाही, हे मला मनापासून लागलं.

आपल्या राज्यात डिसेंबर २०२३ मध्ये मागासवर्ग आयोगाच्या काही सदस्यांनी आणि मग अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती आनंद निरगुडे यांनी राजीनामे दिले, तेव्हापण उलटसुलट चर्चाच झाली. फेब्रुवारीत नवीन अध्यक्षांखाली अहवाल आला आणि २० फेब्रुवारीला विधिमंडळात मराठा आरक्षणाचं १० टक्क्यांचं विधेयक मंजूर झालं. ज्या प्रश्नावर गावागावात माणसं उपोषणाला बसली, जिथं मराठा आणि ओबीसी शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात, तिथं एवढ्या नाजूक आयोगातली माणसं का गेली हे दोन्ही बाजूंना स्वच्छ कळलं असतं तर संशय जरा तरी कमी झाला असता असं मला वाटतं.

घरचं कारण असेल तर ते चव्हाट्यावर मांडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. आजारपण, मूल, म्हातारे आईवडील, संसार, हे तुमचंपण आमच्यासारखंच असतं. ‘घरच्या कारणानं’ एवढं लिहा, आम्ही एक शब्द विचारणार नाही. पण मग ते खरं असू द्या. खोटं ‘वैयक्तिक’ लिहिणाऱ्यांमुळं खऱ्या आजारी माणसाच्या राजीनाम्यावरपण आता कुणी विश्वास ठेवत नाही.

जाणाऱ्यांबद्दल एवढं बोलले, राहणाऱ्यांबद्दल कुणीच विचारत नाही. राहण्याला पण कारण असतं, साहेब. मी पाहिलेत असे साहेब जे तीन वर्षं पूर्ण करून गेले, वर मुदतवाढ घेतली, आणि त्यांच्या काळात एकही फाईल अशी नव्हती की जिच्यावर त्यांनी स्वतःचं मत लिहिलंय. सगळं ‘नियमानुसार कार्यवाही करावी’. बंगला चांगला होता, मुलीची बारावी होती, निवृत्तीनंतर कुठलंतरी प्राधिकरण, कुठलातरी आयोग मिळेल ही आशा होती. त्यांना कुणी हलवलं नाही कारण त्यांचा कुणाला त्रास नव्हता. फळ्यावर त्यांची ओळ सगळ्यात भारदस्त दिसते, पूर्ण तीन वर्षं, आणि त्या तीन वर्षांत जिल्ह्यात काय झालं म्हणून विचारलं तर मला आठवून सांगता येत नाही.

आणि राहिलेली एक मॅडमपण पाहिली. त्यांची मुलं पुण्यात, नवरा मुंबईत, विनंती बदली सहज मिळाली असती, विचारणासुद्धा झाली होती. मार्च महिना होता, धरणं खाली गेलेली. सोमवारच्या खातेप्रमुखांच्या मीटिंगमध्ये त्या एवढंच बोलल्या की पाऊस पडेपर्यंत मी कुठं जात नाहीये, तुम्हीपण रजा मागू नका. त्या एका वाक्यानं ऑफिसची चाल बदलली हो. शिपायापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत प्रत्येकाला कळलं की या कशासाठी थांबल्यात. जुलैत पाऊस झाला, ऑगस्टमध्ये त्या पुण्याला गेल्या. त्यांच्या थांबण्याचं कारण आम्हाला माहीत होतं म्हणून आम्हीपण थांबलो, मी तर त्या वर्षी भाचीच्या साखरपुड्यालापण गेले नाही.

ई. श्रीधरन यांचं बघा. १९९० मध्ये रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस कोकण रेल्वेचा प्रमुख झाला. गोव्यात मार्गावरून मोठं आंदोलन झालं, काम अडलं, डोंगरांमधल्या मऊ मातीत बोगदे पुन्हा पुन्हा खचले, पैशाचे वांधे. पण ते काम उभं राहीपर्यंत तिथंच होते, आणि जानेवारी १९९८ मध्ये सगळ्या मार्गावर गाडी धावली. आमच्या सासरी राजापूरला जायला एसटीनं रात्र जायची. हे दर वर्षी माणूस बदलून झालं असतं का? आणि लोकांनी, सरकारनं त्यांना राहू दिलं कारण ते का राहिलेत हे दिसत होतं, रूळ पुढं सरकत होते.

म्हणून सरकारला, म्हणजे मुख्यमंत्री साहेबांना आणि मुख्य सचिवांना माझी विनंती. मुदतीआधीच्या बदलीचं जे लेखी कारण कायद्यानं फाईलमध्ये लिहावंच लागतं, ते बदलीच्या आदेशासोबत त्याच दिवशी वेबसाईटवर टाका. नवीन कायदा नको, समिती नको, पैसा नको. ‘प्रशासकीय कारणास्तव’ असं कुणी लिहिलं तर फाईल परत पाठवा, जशी तुम्ही आमच्या फाईली परत पाठवायचात, त्रुटी पूर्ण करून फेरसादर करावी म्हणून. विनंती बदली असेल तर विनंती लिहा. तक्रार असेल तर तक्रार आहे असं लिहा आणि चौकशी कोण करतंय तेपण लिहा.

आणि राजीनामा देणाऱ्यांना, मुदत संपवून निघणाऱ्यांना, निवृत्त होणाऱ्यांना. तुम्ही निघाल तेव्हा अर्धं पान लिहा. काय करायला आला होता, काय झालं, काय राहिलं, आणि कशामुळं निघालात. गोपनीय असेल ते वगळा. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, हातानं लिहिलंत तरी चालेल. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर जो येईल त्याला त्याचा उपयोग होईल, आणि खाली लॉगबुकाची फाईल हातात घेऊन उभी असलेली जी कुणी सहाय्यक असेल तिलापण.

तो टँकरवाला साहेब आता बराच वर गेलाय, मंत्रालयात आहे असं ऐकलं. साहेब, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं आणि तुम्हाला ते वर्ष आठवत असेल, तर तुमच्या पेन्सिलनं टिक केलेल्या त्या शीट मी फाईलला पताका लावून ठेवल्या होत्या. निवृत्तीच्या दिवशी कपाट ताब्यात देताना यादीत त्या फाईलचा नंबर लिहून, नवीन आलेल्या मुलीची सही घेऊन दिलीये. फाईल तिथंच असेल.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ सहाय्यक (आस्थापना)